अकरा मिनिटांची घरघर

१

"दोन नंबर, दोन नंबर, हजेरी."

उत्तर आलं नाही. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात सकाळचे आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. माइकसमोर बसलेल्या बाईंनी रजिस्टरात दोन नंबरपुढची चौकट रिकामी ठेवली आणि तीन नंबरला हाक मारली. तीन नंबरही गप्प. चार, पाच, सहा गप्प. यंत्र चालू होतं आणि दिवा हिरवा होता. फक्त माणसं बोलत नव्हती.

मग बाईंनी माइक बाजूला सरकवला. शेजारच्या खोलीतून बदली ऑपरेटर आला, उभ्यानेच वाकून म्हणाला, "दोन नंबर, हजेरी," आणि लगेच उत्तर आलं, "दोन नंबर हजर, आवाज साफ." बघता बघता तेवीस सेटची हजेरी लागली.

तपासनीस दारात उभी राहून हे बघत होती. परवाना कार्यालयाने तिला पाठवलं होतं. वायरलेसची चौकशी असली की तीच जायची, कारण दुसरं कुणी तयार नसायचं. गळ्यात एक जुनं स्टॉपवॉच लोंबत असायचं, म्हणून सगळीकडे तिला पाठीमागे घड्याळबाई म्हणत. सत्तावन्न वर्षांची, एक गुडघा कुरकुरणारा, आणि हा जिना चढताना लिफ्ट बंद असल्याची पाटी तिने तिन्ही मजल्यांवर वाचली होती.

"रोज असंच चालतं?" तिने विचारलं.

"नऊ दिवस झाले, मॅडम," ऑपरेटरबाई म्हणाल्या. सगळं दल त्यांना ताई म्हणायचं. एकोणीस वर्षं याच खुर्चीत गेली होती.

नऊ दिवसांपूर्वी गाद्यांच्या गोदामाला दुपारी आग लागली. दोन नंबर केंद्राची तुकडी आत शिरली. दोन वाजून पन्नास मिनिटांनी गोदामाच्या कारकुनाचा फोन आला की मागच्या खोलीत थिनरची पिंपं आहेत आणि हे सांगायचं राहून गेलं. ताईंचं म्हणणं असं, की त्यांनी त्याच मिनिटाला सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. कुणालाच ऐकू गेलं नाही. दोन अठ्ठावन्नला पिंपं फुटली. तुकडीतला सगळ्यात तरुण जवान आतच राहिला. त्याला धाकटा म्हणत, कारण त्याचा सख्खा मोठा भाऊ, थोरला, त्याच तुकडीचा प्रमुख होता.

दलाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी चार दिवसांत अहवाल लिहिला. ताई घाबरल्या, त्यांनी चुकून रुग्णवाहिकांचा चॅनल लावला आणि तिकडेच ओरडत बसल्या, असा त्याचा सारांश. रुग्णवाहिकांच्या चॅनलचं रेकॉर्डिंग होत नाही, त्यामुळे खरं-खोटं करायची सोय नव्हती. दुपारी चार वाजता ताईंच्या बडतर्फीच्या कागदावर सही व्हायची होती. नोकरी जाणार होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे धाकट्याचं मरण आयुष्यभर त्यांच्या नावावर राहणार होतं.

"रेकॉर्डिंग लावा," तपासनीस म्हणाली.

दोन सत्तेचाळीस ते दोन अठ्ठावन्न. अकरा मिनिटांत एकही शब्द नाही. एकसुरी, जाड घरघर तेवढी. अहवालात तिला 'नेहमीची खरखर' म्हटलं होतं.

ताई म्हणाल्या की ती त्यांनाही ऐकू येत होती. दोन एकोणपन्नासला त्यांनी इंटरकॉमवर मेकॅनिकला तसं सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, टेकडीवरच्या यंत्रापाशी वारा असेल, जाईल आपोआप.

तपासनिसाने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, मग तिसऱ्यांदा. तिचा नवरा निवृत्त झाल्यापासून फोन मागच्या खिशात ठेवून सोफ्यावर बसायचा आणि दिवसातून दोनदा तरी त्याच्या बुडाने लागलेला फोन तिला यायचा. पंखा, टीव्ही, जांभई, सगळं ऐकू यायचं, फक्त नवरा बोलायचा नाही. तिने कितीदा सांगितलं असेल त्याला.

"ही खरखर नाही," ती म्हणाली. "खरखर कुणीच बोलत नसताना येते. इथे कुणीतरी माइक दाबून धरलाय, अकरा मिनिटं, आणि तोंडातून शब्द काढलेला नाही."

२

मेकॅनिकची खोली तळमजल्यावर होती, म्हणजे पुन्हा तीन मजले. खोलीत उघडे सेट आणि जळक्या डाखाचा वास. या माणसाला सगळे डाखवाला म्हणत. तो स्टुलावर बसून पाय हलवत होता.

तपासनिसाने त्याला आधी साधं विचारलं. टेकडीवरचं यंत्र कसं चालतं ते त्यानेच सांगावं, म्हणजे नंतर फाटे फुटायला नकोत. डाखवाल्याने सांगितलं ते असं. कुठलाही सेट बोलला की आवाज आधी टेकडीवर जातो आणि तिथून सगळ्यांना परत ऐकू येतो. नियंत्रण कक्षातलं रेकॉर्डिंगही टेकडीवरून परत आलेल्याच आवाजाचं होतं. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघे एकदम बोलले तर ज्याचा जोर जास्त, टेकडी त्याचंच ऐकते.

"म्हणजे एखाद्याचा माइक दबून राहिला आणि तो टेकडीच्या जवळ असला, तर इथून ताई कितीही ओरडल्या तरी बाहेर जाणार नाही, आणि रेकॉर्डही होणार नाही."

"असं होऊच शकत नाही, मॅडम," डाखवाला म्हणाला आणि त्याचे पाय हलायचे थांबले. "कात्री आहे ना."

कात्री हा जवानांचा शब्द. प्रत्येक सेटमध्ये अशी सोय होती की सलग एक मिनिट बोललं की सेट आपोआप गप्प व्हायचा. बोट उचलून पुन्हा दाबल्याशिवाय चालू व्हायचा नाही. लांबण लावणाऱ्याचं बोलणं मध्येच कापलं जायचं, म्हणून कात्री. दबलेला माइक साठाव्या सेकंदाला सुटलाच पाहिजे. अकरा मिनिटं टिकणार कसा?

"सगळ्या सेटना कात्री आहे?"

"यादीतल्या सगळ्या. मी स्वतः तपासल्यात."

"कुठला सेट बोलतोय ते यंत्र दाखवतं का?"

दाखवत नव्हतं. तसं यंत्र मागणारी चार पत्रं गेली होती. पहिल्या पत्राला उत्तर आलं की दुसरं पत्र पाठवा. दुसरं पत्र पाठवल्यावर, पहिल्याची प्रत जोडा असं आलं. तिसऱ्याचं काय झालं ते चौथ्यात विचारलं होतं.

तपासनिसाने डोळे मिटले, दहापर्यंत मोजलं आणि सेटची यादी मागितली. यादी म्हणजे ताईंचं हजेरीचं रजिस्टर, त्यावरूनच दलात सगळं चाले. तेवीस ओळी होत्या. ज्याने शब्द दिला त्याचा शब्द प्रमाण मानायची तिची सवय नव्हती. भाड्याची रिक्षा करून ती पाचही केंद्रांवर गेली. प्रत्येक सेटचा माइक तिने स्वतः दाबून धरला आणि स्टॉपवॉचकडे बघत उभी राहिली. एका केंद्रावर सेट होता पण बॅटरी दुसऱ्या केंद्रावर होती. दुसऱ्या केंद्रावर बॅटरी होती आणि ती ज्या कपाटात होती त्याची किल्ली पहिल्या केंद्रावर. एका ठिकाणी हवालदाराने, सेटला हात लावायला लेखी परवानगी लागते, असं सांगितलं. परवानगी कोण देतं असं विचारल्यावर तो बराच वेळ विचारात पडला.

साठ सेकंद. साठ. एकसष्ट. साठ.

दीड वाजता ती शेवटच्या सेटपाशी पोचली. तोही साठाव्या सेकंदाला गप्प झाला. तेवीसच्या तेवीस सेट बिनचूक होते. मग ती अकरा मिनिटं आली कुठून?

३

शेवटचा सेट दोन नंबर केंद्रावर होता, आणि तो ज्याच्या खांद्याला असायचा तो थोरला समोरच्या बाकावर बसून नळीची पितळी तोंडं घासत होता. ती आधीच चकचकीत होती.

तो ताईंबद्दल एक अक्षर बोलायला तयार नव्हता. तपासनिसाने धाकट्याबद्दल विचारलं. तेव्हा मात्र तो बोलला, हळूहळू आणि सलग. धाकट्याला बाहेरचं काम दिलं होतं. पण पाईप जड होता आणि दादा एकटा ओढतोय हे बघून तो आत आला. थोरल्याने त्याला हाकललं. तो हसला आणि मागच्या खोलीकडे वळला.

"तुमचा सेट चालू होता?"

थोरल्याने हातातलं पितळ खाली ठेवलं.

"मी आवाज बारीक केला होता," तो म्हणाला. "कानात ती घरघर चाललेली. पाणी, धूर, माणसांचा आरडाओरडा आणि वर ती घरघर. वैताग येऊन मी बटण फिरवलं. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईला पण नाही."

त्याला काय सांगायचं ते तपासनिसाला अर्धवट ठाऊक होतं, आणि अर्धवट गोष्ट सांगायची तिला सवय नव्हती.

"स्फोट झाला तसा मी पडलो," थोरला पुढे म्हणाला. "पडताना सेट आपटला, बटण फिरलं असेल. तेव्हा ताईंचा आवाज आला. बाहेर या म्हणाल्या. धाकटा गेल्यावर. धडाका ऐकून जाग आली त्यांना. त्यांच्या हजेरीला मी कसा हजर म्हणू, तुम्हीच सांगा."

तपासनीस परतीच्या रिक्षात बसली. नवऱ्याचा फोन आला, या वेळी खराखुरा, जेवलीस का म्हणून. ती हो म्हणाली. खोटं होतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. घरघर थांबली दोन अठ्ठावन्नला, आणि पिंपं फुटली तीही दोन अठ्ठावन्नला. हे आपोआप जुळून आलेलं नाही. पण धडाक्याने सेट दुरुस्त होत नसतात.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत गुडघा जाहीरपणे बोलायला लागला होता. तिने घरघर संपते तिथून रेकॉर्डिंग लावलं. अहवाल लिहिणाऱ्यांनी घरघर ऐकली होती आणि पुढचं सोडून दिलं होतं. घरघरीच्या शेवटी खट्ट असा आवाज, काहीतरी घासल्यासारखं, आणि लगेच ताईंचा आवाज:

"...हेर या. मागच्या खोलीत पिंपं आहेत. सगळे बाहेर या."

"ताई," तपासनीस म्हणाली, "तुम्ही चॅनल बदलला असतात, तर बदलताना माइक सोडायला लागला असता ना?"

"हो. माइक दाबलेला असताना चॅनल फिरतच नाही."

"आणि नव्या चॅनलवर वाक्य पहिल्या शब्दापासून आलं असतं."

ताईंनी तिच्याकडे बघितलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते रजिस्टराकडे वळवले.

"हे वाक्य मधूनच सुरू होतं. तुम्ही आधीपासून याच चॅनलवर बोलत होतात. जणू दाराला कुणीतरी टेकून उभं होतं आणि दोन अठ्ठावन्नला ते बाजूला झालं. धडाका ऐकून जाग तुम्हाला नाही आली, दुसऱ्या कुणाला तरी आली."

"कुणाला?"

तीन वाजायला दहा मिनिटं होती. सही चारला.

४

कुणाला, हे घरघरच सांगणार होती. तपासनिसाने कानाला हेडफोन लावला. पहिली गोष्ट म्हणजे, मागे पंपाचा आवाज नव्हता. आगीच्या जागी तीन बंब होते आणि त्यांच्या पंपांपुढे माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणजे दबलेला माइक आगीपाशी नव्हता. दुसरी गोष्ट, घरघर सारखी, न अडखळणारी होती, बंद जागेत पंखा चालावा तशी. आणि तिसरी, त्या घरघरीखाली, नीट लक्ष दिलं तर, टक-टक. टक-टक. घड्याळापेक्षा जरा घाईची, अकरा मिनिटं एका लयीत.

ती खिडकीपाशी गेली. खाली आवारात मुख्य अधिकाऱ्यांची गाडी उभी होती आणि त्यांचा ड्रायव्हर फडक्याने काच पुसत होता. मागच्या बाजूने एक बंब येत होता, म्हणून ड्रायव्हरने आत हात घालून गाडीचे चारही पिवळे दिवे लुकलुकते केले.

तपासनीस खाली उतरली. आज मजले मोजायचं तिने सोडून दिलं होतं.

ड्रायव्हर बोलका निघाला. त्या दिवशी गाडी कुठे होती असं तिने विचारताच त्याने सगळं ओघाने सांगितलं, कारण आपल्याला लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. साहेब गोदामापाशी गेलेच नव्हते. पुलाच्या चढावर, टेकडीच्या ऐन पायथ्याशी बातमीदारांनी त्यांना गाठलं. तिथून मागे धूर चांगला दिसत होता. साहेब खाली उतरले आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहिले.

"गाडी बंद केलीत?"

"छे हो. एसी चालू ठेवायचा असतो. साहेबांना गाडी गार लागते. काचा बंद, एसी चालू आणि चारी दिवे चालू, चढावर उभी म्हणून. मी बाहेर गर्दी मागे ढकलत होतो. एक कारकून की कोण आला होता, मला आत जाऊ द्या, आत जाऊ द्या करत. बंदोबस्तवाल्याने त्याला अडवून ठेवला."

तपासनिसाला ताईंचा जबाब आठवला. ताईंनी फोनवर त्या कारकुनाला, धावत जाऊन सांगा, असंही सांगितलं होतं. तोही मार्ग तिथेच अडला होता.

"साहेबांचं हेल्मेट?"

"सीटवर. कॅमेऱ्यात डोक्यावर नको म्हणाले, केस विस्कटतात. धडाका झाला तसे धावत आले, दार उघडलं, हेल्मेट उचललं आणि पळाले."

"गाडीत वायरलेस आहे?"

"आहे की. दांडीला टांगलेला माइक साहेबांच्या गुडघ्याला लागतो, म्हणून सीटवरच ठेवतो."

"आणि सकाळच्या हजेरीला तुम्ही उत्तर देता?"

ड्रायव्हर हसला. "काय मॅडम. साहेबांची हजेरी कोण घेणार?"

तपासनिसाने पिशवीतून परवान्याची प्रत काढली. ती तिच्याच कार्यालयातून निघाली होती, खाली सही तिचीच होती, आणि हा कागद सकाळी आठला न उघडल्याबद्दल ती मनातल्या मनात स्वतःला जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परवाना चोवीस सेटचा होता.

५

साहेबांच्या तळमजल्यावरच्या केबिनला कार्पेट होतं. पावणेचारला तिथे चारजण जमले: साहेब, ताई, डाखवाला आणि तपासनीस. टेबलावर बडतर्फीचा कागद आणि झाकण काढलेलं पेन. कोपऱ्यात वायरलेसचा एक स्पीकर होता, फक्त ऐकण्यापुरता. तपासनिसाने येताना ड्रायव्हरला एक काम सांगितलं होतं, आणि गाडी पुन्हा पुलाच्या चढावर जाऊन उभी राहिली होती.

साहेब बोलायला लागले. दलाची शिस्त, दलाची परंपरा, एका व्यक्तीच्या चुकीमुळे संपूर्ण यंत्रणेवर येणारा डाग. दर सोमवारी सगळ्या केंद्रांना ते गाडीतल्या वायरलेसवरून मार्गदर्शन करत, आणि तोच सूर होता. बदली ऑपरेटरने येतानाच सांगितलं होतं की सोमवारी सकाळी कुणी चहा प्यायला उठत नाही, कारण आधीच प्यालेला असतो.

स्पीकरमधून घरघर सुरू झाली. तपासनिसाने स्टॉपवॉच दाबलं.

साहेबांनी एकदा तिकडे वैतागून बघितलं आणि बोलणं चालू ठेवलं. एक मिनिट झालं. घरघर थांबली नाही. डाखवाल्याने कपाळ पुसलं. दोन मिनिटं झाली.

"तो स्पीकर बंद करा कुणीतरी," साहेब म्हणाले.

"करू नका," तपासनीस म्हणाली. "ताई, वर जाऊन दोन नंबरला हाक मारता का? फक्त हाक."

ताई गेल्या. स्पीकरमधून घरघर आणि तिच्याखाली टक-टक, टक-टक. ताईंची हाक आली नाही. वरून, जिन्याच्या पोकळीतून, त्यांचा खरा आवाज मात्र खणखणीत ऐकू आला: दोन नंबर, दोन नंबर. तीन मजले तो आवाज उतरून आला, पण टेकडीपर्यंत पोचला नाही.

चार मिनिटं.

"तुमच्या गाडीतला सेट आहे हा," तपासनीस म्हणाली. "माइकवर तुमचं हेल्मेट ठेवलंय, त्या दिवशी होतं तसं. घरघर एसीची आणि टक-टक चार दिव्यांची. दोन सत्तेचाळीसला तुम्ही कॅमेऱ्यापुढे गेलात, अठ्ठावन्नला हेल्मेट उचललंत. गाडी टेकडीच्या पायाशी होती, म्हणून टेकडीने तुमचंच ऐकलं. या दलातले तेवीस सेट एका मिनिटात गप्प होतात. आज मी तेवीस मिनिटं उभी राहून ते पाहिलंय. चोविसावा होत नाही. का, ते हे सांगतील."

डाखवाला जमिनीकडे बघत होता. त्याला फार विचारावं लागलं नाही.

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात. सोमवारी भाषण मध्येच कापलं जातं, कात्री काढून टाक. मी काढली."

"लेखी आदेश होता?" साहेबांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं असावं, कारण त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही.

"तुम्हाला कधी कळलं?" तपासनिसाने डाखवाल्याला विचारलं.

"त्याच संध्याकाळी. रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा."

"नऊ दिवस."

"गाडी रोज साहेबांबरोबर घरी जाते, मॅडम. कात्री परत बसवायला मिळाली नाही. आणि बोलायला... मला दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला."

"ताईंना किती राहिलीत, ते विचारलंत?"

साहेबांनी तोंड उघडलं. हेल्मेटखाली माइक होता हे त्यांना माहीत नव्हतं, असं ते म्हणाले. तपासनिसाला ते खरं वाटलं, आणि म्हणूनच तिची जास्त चिडचिड झाली. दुष्ट माणूस सापडला असता तर अहवाल सोपा झाला असता. इथे केस विस्कटायला नकोत म्हणून हेल्मेट काढणारा, लांब बोलायची हौस असणारा एक माणूस होता आणि त्याला एका मिनिटात आटपा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"पण अहवालात 'मी घटनास्थळी हजर होतो' असं लिहिलंय," ती म्हणाली. "ते तुम्हाला माहीत होतं."

तिने टेबलावरच्या पेनाचं झाकण लावलं. मग खिडकीपाशी जाऊन ड्रायव्हरला फोन केला आणि हेल्मेट उचलायला सांगितलं. स्पीकरमध्ये खट्ट झालं, आणि लगेच ताईंचा आवाज खोलीभर आला, मधूनच:

"...बर, दोन नंबर, ऐकू येतंय का?"

६

दोन नंबर केंद्रावर ती त्याच संध्याकाळी गेली. थोरला तिथेच होता, त्याच बाकावर. तिने त्याला सगळं क्रमाने सांगितलं, काही न वगळता, कारण त्याचा तो हक्क होता. हेल्मेटशी आल्यावर त्याची मूठ वळली. ती बोलत राहिली.

"आणि तुमच्या बटणाचं," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही आवाज पूर्ण मोठा ठेवला असतात तरी त्या अकरा मिनिटांत तुम्हाला घरघरच ऐकू आली असती. दुसरं काही त्या सेटमध्ये नव्हतंच. हे मी समजूत घालायला सांगत नाहीये. मी तपासून बघितलंय."

ती निघाली तेव्हा थोरला उठून दारापर्यंत आला, आणि पायरी उतरताना तिच्या गुडघ्याकडे बघून त्याने हात पुढे केला.

अहवालात सतरा शिफारशी निघत होत्या. कुठला सेट बोलतो ते दाखवणारं यंत्र, टेकडीला पर्यायी मार्ग, संकटात सगळ्यांना मागे सारून बोलता येईल असं नियंत्रण कक्षाचं बटण. तिने सगळ्या लिहिल्या. त्यांचं काय होणार हेही तिला माहीत होतं: पहिल्याची प्रत जोडा. साहेबांना रजेवर पाठवलं गेलं, डाखवाल्याची वेगळी चौकशी लागली, बडतर्फीचा कागद फाडला गेला. ही कामं इतरांची होती. तिने स्वतः उभं राहून करून घेतलं ते एकच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा तीन मजले चढली. लिफ्टची पाटी तशीच होती.

रजिस्टराचं नवं पान उघडलेलं होतं. ताईंनी पट्टी धरून सगळ्यात वर एक ओळ आखली होती, दोन नंबरच्याही वर. हजेरी आजवर दोनपासूनच सुरू व्हायची. एक नंबर कुठे आहे, हे एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ताईंनीही नाही, आणि तसं त्यांनी आदल्या दिवशी तपासनिसाला दिलेल्या जबाबात स्वतःहून लिहून दिलं होतं.

आठ वाजले. बदली ऑपरेटर सवयीने दारात येऊन उभा राहिला होता.

"एक नंबर, एक नंबर, हजेरी."

थोडा गोंधळ, कुणीतरी घसा साफ केल्याचा आवाज, आणि मग ड्रायव्हर, जरा जास्तच मोठ्याने, "एक नंबर हजर, आवाज साफ."

ताईंनी चौकटीत खूण केली. पेन पुढच्या ओळीवर आलं आणि थांबलं. तपासनिसाने कारण नसताना स्टॉपवॉच दाबलं.

"दोन नंबर, दोन नंबर, हजेरी."

चार सेकंद. पाच. सहा. बदली ऑपरेटर एक पाऊल पुढे आला आणि तपासनिसाने हात आडवा धरला. नऊ. दहा.

"दोन नंबर हजर," थोरल्याचा आवाज आला. मग नियमात नसलेला एक खंड पडला. "आवाज साफ आहे, ताई."

ताईंनी दुसरी खूण केली आणि तीन नंबरला हाक मारली.